ताकेमुरा पंडिताचा तिसरा अंक

१८ फेब्रुवारी १९५१, रविवार

जत्रेच्या नाटकात शोगून कोण होणार यावरून आज शाळेच्या ओसरीवर भांडण! ज्ञानोबा — पाटलांचे धाकटे भाऊ — म्हणाले, "राजाचं काम आजवर आमच्याच घरात आलंय." पोतनीस गुरुजींनी शांतपणे समजावलं की जपानात राजा निराळा, तो देवघरातल्या टाकासारखा नुसता बसून असायचा. तलवार, खजिना, धान्याची कोठारं सगळं शोगूनाच्या हाती. ज्ञानोबा म्हणाले, "मंग त्योच पायजे! बसून ऱ्हानारा राजा काय करायचाय?"

मिटलं एकदाचं.

पंडिताचं काम म्हादू धनगराला. त्याच्याएवढा आवाज खोऱ्यात कुणाला नाही. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या कुत्र्याला हाक मारतो आणि कुत्रं येतं. पण 'ताकेमुरा' हे नाव त्याच्या तोंडात बसेना. ताकमुरा, टाकमुरा, शेवटी ताकमोरे. गेनबा म्हणाला, "मोऱ्यांतलाच हाय म्हना की! सोयरीक निगंल." गुरुजी हसले. त्यांना हसताना पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

गेनबा पंडिताची बायको होणार. मिशी काढणार नाही म्हणतो.

माझ्याकडे चारही अंकांची स्वच्छ प्रत करण्याचं काम. मग ज्याचं त्याचं भाषण ज्याला त्याला शिकवायचं. वाचता येणारे दोघेच, तेव्हा मी वाचायचं आणि त्यांनी म्हणायचं. शिवाय जत्रेच्या दिवशी पुस्तक घेऊन पडद्यामागे उभं राहायचं. आमच्याकडे त्याला 'मागून सांगणारा' म्हणतात. जत्रा चैत्री पौर्णिमेला.

मी म्हणेन तेच हे सगळे म्हणणार. म्हणजे चूक झाली तर ती माझी. हे एकच डोक्यात घेऊन घरी आलो.


२१ फेब्रुवारी

सरकारी गोदामात दिवसभर लेव्हीचा तांदूळ, गावागावानं सरकारला घालायचाच तो. वेल्ह्याच्या त्या पत्र्याखाली कोंडा घशात बसतो, रात्रीपर्यंत निघत नाही. माझी नोकरी हंगामी आहे. पोती तोलायची, पोत्यावर गावाचं नाव घालायचं. मुकादम म्हणतो, "तू नाव काढतोस का रांगोळी?" पण चुकीचं नाव पडलं आणि एखाद्या गावाची लेव्ही कमी भरली तर?

आज आमच्या वाडीची भागूबाई डोक्यावर पोतं घेऊन आली. मी काटा धरला. "पोरा, काट्याकडं बग," म्हणाली, "माज्याकडं न्हाई." सरकार भाव देतं, फुकट नेत नाही. तरी तिच्याकडे बघवलं नाही.

डोंगर चढून घरी. पाय दुखतात. एवढंच.


४ मार्च, रविवार

दुसऱ्या अंकाची प्रत पुरी झाली. लिहिता लिहिता तो पंडित ओळखीचा होत चालला आहे.

गुरुजींना हा माणूस एका जुन्या इंग्रजी मासिकात भेटला. दीड पान होतं म्हणे. त्या दीड पानावर सात वर्षं घालवली त्यांनी. घरी काकू, त्यांची बायको, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं करायचं, स्वयंपाक करायचा, शाळा घ्यायची आणि उरलेल्या वेळात जपान.

ताकेमुरा आधी कोतवालीत कामाला होता. लाचलुचपत बघून नोकरी सोडली आणि घरीच शाळा काढली. पहाटे मुलं यायची. थंडीतसुद्धा खिडक्या उघड्या. पेंगला त्याला बाहेर उभा करायचा. सगळ्या ग्रंथांतून त्यानं एकच गोष्ट काढली — कळलं पण केलं नाही, तर ते कळलंच नाही.

मग वाईट साल आलं. भात शेतातच कुजलं. शहरात लोक रस्त्यावर पडायला लागले आणि कोठारातला तांदूळ गलबतांतून राजधानीला जात राहिला. त्यानं अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. उत्तर आलं की मास्तरानं मास्तरकी करावी. तेव्हा त्यानं आपले ग्रंथ विकले, सगळे, गाड्या भरभरून. आलेले पैसे उपाशी माणसांत वाटले. तेही संपले. मग शिष्य, थोडे शेतकरी आणि एक जुनी तोफ घेऊन शोगूनावर उठला. कोठारं फोडायला.

एका शिष्यानं आदल्या दिवशी चहाडी केली. बंड एका दिवसात मोडलं. वर वारा सुटला आणि त्यांनी लावलेली आग गल्लीगल्लीत शिरली. ज्यांच्यासाठी उठला त्यांचीच घरं जळाली. तो एका विणकराकडे लपला. शिपाई दारात आले तेव्हा त्यानं आतून स्वतःला पेटवून घेतलं.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "आन् त्याची बायकू?" म्हणाली.

मी म्हणालो, मासिकात तिच्याबद्दल काही नव्हतं. गुरुजींनी नाटकापुरती घातली आहे.

"लिवनाऱ्यास्नी बायका आटवतच न्हाईत," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.


७ मार्च

म्हादूला तालमीला यायला जमत नाही, मेंढरं कोण राखणार? म्हणून मीच संध्याकाळी वर त्याच्या मेंढवाड्यावर जातो. गोदामातून सुटून पुन्हा डोंगर! आज बसलो तो उठवेना.

त्याची पाठ करण्याची रीत अजब आहे. एकेक वाक्य एकेका मेंढीला बांधतो. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, त्या जाळ्याच्या कुंपणात, एकेक करून शिरतात, तेव्हा हा दाराशी उभा राहतो. बांडी आली की बांडीचं वाक्य, कानतुटी आली की कानतुटीचं. एका शब्दाचाही फरक नाही. मी पुस्तक धरून बघत होतो.

फक्त एके ठिकाणी थांबला. डोकं खाजवलं. म्हणाला, "अवं कारकून, हितलं न्हाई यायचं आता. ती मेंढी मंगळवारच्या बाजारात इकली."

ते वाक्य दुसरीच्या गळ्यात बांधून दिलं.


११ मार्च, रविवार

आज तिसरा अंक. ताकेमुरा कोठाराच्या दाराशी जातो, शोगून स्वतः पुढे येतो. (खरा शोगून राजधानीत होता. गुरुजी म्हणाले, नाटकात चालतं.) सगळ्या नाटकाचा जीव या प्रवेशात. गुरुजींनी स्वतः म्हणून दाखवला. शाळेत मारकुटे म्हणून प्रसिद्ध असलेले गुरुजी, पण हे म्हणताना आवाज अगदी खाली —

"मी अर्ज केला. एकदा नव्हे, दोनदा केला. ग्रंथ विकले. आता विकण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही. एवढा जीव उरला आहे. तो घ्या आणि हे दार उघडा."

 ज्ञानोबा आपलं उत्तर द्यायचं विसरले.

मग म्हादूनं विचारलं (आज भावाला मेंढरांवर ठेवून आला होता), "गुर्जी, पर आग लागली तवा गरिबाचीच घरं जळाली ना? मंग त्यानं क्येलं ते बरं का वाईट?"

गुरुजी म्हणाले, "तेच मला सात वर्षं कळत नाही. म्हणून तर चौथा अंक लिहिला."

येताना मला भीती वाटत होती. आमचं स्टेज शाळेच्या पटांगणात. लोक कोण? लेव्ही घातलेलेच सगळे. आणि म्हादूचा तो आवाज.


१६ मार्च

ठीक नाही. डोकं जड. गोदामात दोन लॉऱ्या भरल्या. तांदूळ कुठे जातो ते मुकादमालाही ठाऊक नाही. "वर," म्हणतो.

नाटकाला परवानगी लागते असं आज हवालदार बोलले. पुस्तक आधी भोरला कचेरीत दाखवावं लागतं.


२४ मार्च, शनिवार

धुळवड झाली. गुरुजींना हिवताप. दोन दिवस थंडी वाजून येते, घोंगड्या कमी पडतात. मी काकूंना पेज भरवली. त्यांचं एक अंग लुळं, तोंडाच्या एका बाजूनं बोलतात, पण समजतं. म्हणाल्या, "त्यांना... सांभाळ. मागं एकदा... गेली होती."

नोकरी. तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात असताना गेली होती, असंच काही बोलल्यावरून. तीन वर्षं घरी होते. पेन्शनीला आता दोन वर्षं उरली आहेत. ही गेली तर या दोघांनी कुठं जायचं?

परवानगीसाठी सोमवारी मीच जाणार. अर्जावर सही गुरुजींची.


२६ मार्च, सोमवार

गोदामाच्या लॉरीतून नसरापूरपर्यंत, पुढे एस.टी.नं भोर. पुस्तक दोन फडक्यांत बांधलं होतं. तरी तीनदा सोडून पाहिलं.

कचेरीतले कारकून वयस्कर, भले वाटले. बसायला सांगितलं, पाणी दिलं. सबंध पुस्तक वाचलं, मी समोर उभा. मध्येच विचारलं, "अक्षर कुणाचं?" माझं, म्हणालो. "छापल्यासारखं आहे." मला बरं वाटलं आणि लगेच लाज वाटली.

तिसऱ्या अंकात त्यांनी तांबडी पेन्सिल मारली. दारापाशीचं सगळं भाषण उडालं. म्हणाले, "हे जपानात बोललं तर चालेल. वेल्ह्यात गोदाम आहे, बाळ." हसले नाहीत. नाटक दिवसाउजेडी करायचं, अंधार पडायच्या आत संपवायचं. आणि कापलेलं एक अक्षर जरी बोललं गेलं तरी जबाबदार अर्जदार. "मास्तर शाळेचे ना? त्यांना म्हणावं, पेन्शन जवळ आली की माणसानं पाय बघून टाकावा."

परतताना एस.टी.त पुस्तक एकदाही सोडून पाहिलं नाही.


२८ मार्च

गुरुजींना सांगितलं. ताप उतरला होता, पण डोळे लाल. म्हणाले, "मला लिहायची ताकद नाही. तूच काय ते जोड. फक्त एक कर, सावळाराम. त्याला गुडघे टेकायला लावू नकोस."

मी हो म्हणालो.


१ एप्रिल, रविवार

सकाळपासून ओसरीवर बसून तिसरा अंक नव्यानं लिहिला. चार वेळा फाडला. जे लिहितो त्यात पंडित काही ना काही मागतो, आणि मागतो ते दटावल्यासारखंच वाटतं. पुन्हा तांबडी पेन्सिल दिसते. काकूंचं तोंड दिसतं.

शेवटी असं लिहिलं — "महाराज, आम्ही आपली लेकरं. आमच्या अर्जाचा कृपा करून विचार व्हावा." शोगून म्हणतो, "विचार झाला आहे." आणि दार उघडतो.

(गुडघे टेकतो.) असं कंसात घातलं. नाहीतर शोगूनानं दार उघडायला कारणच राहत नव्हतं.


२ एप्रिल

गुरुजींनी नवी पानं वाचली. दोनदा वाचली. मग पानं सारखी करून माझ्याकडे दिली.

"अक्षर चांगलं आलंय," म्हणाले.


८ एप्रिल, रविवार

म्हादूला नवा तिसरा अंक शिकवायला वर गेलो. ऐकून घेतलं. काठी टेकून उभा राहिला.

"मंग ह्यो बंडखोर कसला? ह्यो तर अर्जदार झाला!"

मी म्हणालो, वरून कापलंय, आपल्या हातात नाही. तो म्हणाला, "वरून म्हंजी डोंगरावरनं का?" आणि स्वतःच हसला. मग हसू मावळलं. म्हणाला, "कारकून, ह्या मेंढरास्नी जुनं बांदलंय. त्यांच्या गळ्यात नवं कसं बसवू?"

मी म्हणालो, जुनं काढून टाक. नीट ऐक म्हादू, तू एक शब्द जुना बोललास तर गुरुजी घरी बसतील. काकूंना कोण बघणार?

"कळलं," म्हणाला.

पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. कानतुटी आली की अडखळतो. शेवटी शेवटी जमलं. जमलं असं वाटतं.

इतका थकवा आलाय की झोपही येत नाही. 'कळलं पण केलं नाही तर कळलंच नाही.' कुणी सांगितलं होतं हे वाक्य इतक्या चांगल्या अक्षरात लिहायला!


१५ एप्रिल, रविवार

रंगीत तालीम. ज्ञानोबांनी लग्नाच्या बस्त्यातला जरीचा मंदिल आणला. शोगूनाच्या डोक्यावर पुणेरी मंदिल! गुरुजी आता कशालाच काही बोलत नाहीत.

गेनबाची तक्रार, "गॅसबत्तीत चालून ग्येली असती, पर उनात मिशी दिसनार." सगळे म्हणाले काढ. तो म्हणाला, "जपानात बायकास्नी मिशा न्हाईत हे कुनी बगितलंय?"

म्हादू नव्या अंकात बरोबर बोलला. गुडघे टेकले. आवाज मात्र कुठे गेला कोण जाणे. ओसरीच्या पलीकडे ऐकू आला नसता.


२० एप्रिल

उद्या.  पुस्तकाला खुणेसाठी धागे लावले.


२२ एप्रिल, रविवार

कालचं सगळं जसं झालं तसं लिहितो. नंतर मनात बदलून जाईल.

पालखी आली, नवस फिटले, जेवणं झाली. उन्हं कलल्यावर नाटकाला सुरुवात. पटांगण भरलं, झाडांवरही माणसं. पुढे खुर्च्यांवर पाटील, हवालदार, गुरुजी. शेजारच्या खाटेवर काकूंना उचलून आणलं होतं.

पहिला अंक चांगला गेला. गेनबा मिशीवर पदर धरून आला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या अंकात म्हादू ग्रंथ विकतो. शाळेतलीच पुस्तकं होती, ती एकेक करून उचलून दिली. बायका शांत झाल्या. मी मागे धाग्यांवरून पानं उलटत होतो. एक वाक्य चुकलं नाही.

तिसरा. दार म्हणजे घोंगडी टांगलेली. पुढे ज्ञानोबा, मंदिल, कमरेला तलवार. म्हादू आला. उभा राहिला. बोलेना.

मी सांगितलं, "महाराज, आम्ही आपली लेकरं..."

बोलेना.

पुन्हा सांगितलं. जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं की पुढचा एक पोरगा हसला. मी पडद्याच्या भोकातून पाहिलं, म्हादू समोरच्या लोकांकडे बघत होता. माणसं दाटीवाटीनं बसलेली, मागून अजून येत होती, एकेक, वाकून, जागा बघत. तो ती येणारी माणसं बघत होता. मग तोंड उघडलं आणि तो आवाज, डोंगरावरून कुत्र्याला हाक मारायचा, पटांगणावर आला —

"म्या अर्ज क्येला! येकदा न्हाई, दोनदा क्येला! पुस्तकं इकली. आता इकायला माज्यापाशी काय न्हाई. येवडा जीव ऱ्हायलाय. त्यो घ्या — आन् ह्ये दार उगडा!"

गुडघे टेकले नाहीत.

 ज्ञानोबांनी म्हणायचं होतं 'विचार झाला आहे'. त्यांना सुचेना. मी सांगत होतो, ते ऐकत नव्हते. तेवढ्यात बायकांतून भागूबाई उठली. "आरं उगड की ज्ञानबा! काय बगतुयास त्याच्या तोंडाकडं?"

थोडं हसू. मग दुसरी कुणी म्हणाली, "उगड." मग पुरुषांतून. मग सगळीकडून, उगड, उगड! आता हसत नव्हतं कुणी. लोक उभे राहिले. हवालदार उभे राहिले. आमच्या वाडीची, रोज रामराम करणारी माणसं, पण चेहरे मी कधी न पाहिलेले.

ज्ञानोबा घाबरले. तलवार टाकली आणि दोन्ही हातांनी घोंगडी बाजूला ओढली.

आत गेनबा. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, उकिडवा बसून बिडी ओढत होता.

असं हसू मी आयुष्यात ऐकलं नाही. माणसं लोळली. हवालदारही तोंडाला रुमाल लावून खाली बसले. हसता हसता भागूबाईच्या डोळ्यांतून पाणी, आणि मग ती नुसतीच रडत होती. शेजारणीनं तिला धरलं.

हवालदारांनी रुमाल खिशात ठेवला. "बास. हितंच थांबवा," म्हणाले. चौथा अंक झाला नाही.


२४ एप्रिल, मंगळवार

वरून विचारणा आली आहे. कापलेलं भाषण बोललं गेलं, कुणी बोलायला लावलं? अर्जावर सही गुरुजींची. हवालदार म्हणाले, "माझा नाइलाज आहे, मास्तर. ऐकलं सगळ्या गावानं." गुरुवारी पहिला जबाब.

संध्याकाळी गुरुजींकडे गेलो. काकूंचे केस विंचरत होते. घाबरलेले नव्हते, नुसते थकलेले. म्हणाले, "मला माझ्या नोकरीचं फारसं वाटत नाही रे. वाटतं ते निराळंच. लोकांनी दार उघडलेलं पाहिलं आणि घरी गेले. आग कुणी पाहिलीच नाही. मी ती आग दाखवण्यासाठी लिहिलं होतं."

मग म्हणाले, "पण म्हादू काय बोलला! ते मी लिहिलं होतं, तरी मला माहीत नव्हतं."

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी बाहेर आलो.


२५ एप्रिल

म्हादूकडे वर गेलो. रागावलो त्याच्यावर, ओरडलो. का बोललास? सांगितलं नव्हतं का? कळलं म्हणाला होतास!

तो वाघरीचे खुंट ठोकत होता. "म्या मुद्दाम न्हाई क्येलं," म्हणाला. "मान्सं आत येत हुती एकामागनं एक. मेंढरावानी. जुनंच तोंडात आलं."

खरं असेल. किंवा नसेल. त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

थोड्या वेळानं म्हणाला, "कारकून, म्या सांगतो हवालदाराला. माजंच बोलनं हुतं म्हनून."

मी म्हणालो, कोण विश्वास ठेवणार?

"व्हय," म्हणाला. "धनगराला असलं सुचतंय कुटं!" आणि पुढचा खुंट ठोकला.


२६ एप्रिल, गुरुवार

चावडीवर जबाब. मी बाहेर कट्ट्यावर, उद्या माझी पाळी.

म्हादू आत गेला, लगेच बाहेर आला. त्याचं लिहूनच घेतलं नाही. "अंगठा कशाला वाया घालवतोस, खरं सांगनारा घिऊन ये," असं म्हणाले म्हणे.

गुरुजी गेले. दार उघडं होतं, ऐकू आलं. "लिहिलं मी. जबाबदार मी." एवढंच. हवालदार पुन्हा पुन्हा विचारत होते, "मास्तर, तुम्ही त्याला शिकवलंत का? नाही म्हणा, मी 'नाही' असं लिहितो." गुरुजी गप्प. नाही म्हटलं तर म्हादू एकटा उरतो, हे त्यांना कळत होतं.

सही करायला उद्यापर्यंतची मुदत हवालदारांनीच दिली. "विचार करा. कागद एकदा भोरला गेला की माझ्या हातात नाही."

गुरुजी बाहेर आले. मला म्हणाले, "चल, काकूंच्या पेजेची वेळ झाली."

मुकादम वाटेत भेटला. त्यानं निरोप दिला की गोदामातल्या माणसानं या भानगडीत दिसू नये. पावसाळ्यानंतर कायम करायचं चाललं आहे. "तू काय, नुस्ता पुस्तक धरून उभा होतास. तेवढंच सांग आणि मोकळा हो."

खरंच आहे. मी दुसरंच सांगत होतो. तीनदा सांगत होतो. एका पोरानं ऐकलंही आहे.

आईला काही बोललो नाही. ती म्हणाली, "जेवलास न्हाई." मग म्हणाली, "सावळ्या, त्या मास्तरीनबाईला कोन हाय रं?"


२७ एप्रिल, शुक्रवार

जबाब झाला. हवालदारांनी विचारलं, "पडद्यामागं कोण होतं?"

"मी."

"म्हादूला ते कुणी सांगितलं?"

"मागून मीच सांगितलं. तो बोलला ते सगळं. गुरुजींना ठाऊक नव्हतं."

त्यांनी टाक थांबवला. उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर कट्ट्यावर गुरुजी होते, म्हादू होता, अर्धी वाडी होती.

"मोठ्यानं सांग," म्हणाले.

मी मोठ्यानं सांगितलं.